रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर बघताना चित्र अडकतंय? दोष फाइलमध्ये आहे की वाटेत, ते आधी ठरवा

सह्याद्रीवरचं नाटक दुपारी रेकॉर्ड झालं, रात्री जेवणं आटपून खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लावलं आणि ऐन रंगात आल्यावर चित्राच्या चौकटी झाल्या, आवाज चिरकला, मग सगळंच थांबलं. गच्चीवर फ्री डिशची छत्री, तिची केबल ट्यूनरमध्ये (सिग्नलमधून चॅनेल उचलणारा डबा), ट्यूनर रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला किंवा जुन्या पीसीला, त्यावर टीव्हीहेडएंड हा चॅनेल रेकॉर्ड करून घरभर पाठवणारा प्रोग्रॅम, आणि घरातल्या नेटवर्कवरून ते बघायला कोडी नाहीतर व्हीएलसी हा प्लेअर. अशी मांडणी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे चांगलंच ओळखीचं असेल. जीव मेटाकुटीला येतो तो वेगळ्याच कारणाने: हे एकदा दुरुस्त होऊन संपत नाही. राउटर बदलला की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

साताऱ्यात ओळखीपाळखीच्या घरांत मी हे बऱ्याचदा निस्तरलं आहे. हा त्रास परत परत येतो, कारण दोन वेगळे दोष पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं जातं. छत्रीचा दोष असतो, लोक वायफाय बदलतात. वायफायचा दोष असतो, लोक माणूस बोलावून छत्री हलवतात. नीट लागलेली छत्रीही मग बिघडते.

एकच फाइल दोनदा बघा

जिथे चित्र बिघडलं तिथला मिनिट-सेकंद कागदावर लिहा. प्लेअर पूर्ण बंद करा, नुसतं मागे ओढू नका, कारण आधीचा भाग त्याच्या साठ्यात असू शकतो. पुन्हा उघडा, त्या जागेच्या दोन-तीन मिनिटं आधी जा आणि बघत राहा. अगदी त्याच सेकंदाला चित्र बिघडलं, तर दोष फाइलमध्ये आहे, म्हणजे रेकॉर्ड होतानाच माल खराब आला. तिथे नीट चाललं आणि भलतीकडेच अडकलं, तर फाइल चांगली आहे, दोष वाटेत आहे.

शंका उरलीच तर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन थेट कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि तिथून चालवा. फाइल चार जीबीपेक्षा मोठी असेल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, फॅट३२ ती घेणारच नाही. कॉपी केलेली फाइल गुळगुळीत चालली, तर छत्री, केबल, एलएनबी (छत्रीच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग) या सगळ्यांची निर्दोष सुटका. गच्चीवर जायची गरज नाही.

बिघाडाच्या स्वरूपावरूनही बरंच कळतं. उपग्रहावरून येणारा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत येतो. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. मधला क्रमांक गायब झाला की सॉफ्टवेअरला कळतं की काहीतरी हरवलं. हरवलेल्या पाकिटांतला चित्राचा तुकडा परत मिळत नाही, म्हणून चौकटी दिसतात आणि आवाज चिरकतो. टीव्हीहेडएंडकडून कोडीकडे जाणारा प्रवाह मात्र टीसीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जातो, आणि त्यात वाटेत हरवलेलं पुन्हा मागवलं जातं. त्यामुळे घरातलं नेटवर्क कमी पडलं तर चित्र फाटत नाही, थांबतं, गोल चिन्ह फिरत राहतं आणि मग पुढे सरकतं. थोडक्यात, चौकटी दिसल्या तर माल हरवला आहे, नुसतं थांबलं तर माल उशिरा आला आहे. याला एक अपवाद आहे, तो वायफायच्या भागात येईल.

दोष फाइलमध्ये असेल तर

ब्राउझरमध्ये टीव्हीहेडएंडचं पान उघडा, म्हणजे त्या मशीनच्या पत्त्यापुढे ९९८१ हा पोर्ट. पूर्ण झालेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत डेटा एररचा रकाना असतो. तो शून्य असेल तर फाइल चांगली. आकडा मोठा असेल तर स्टेटसमध्ये जाऊन चॅनेल चालू असताना स्ट्रीमचे आकडे बघत बसा. इथे दोन रकाने महत्त्वाचे: अनकरेक्टेड ब्लॉक्स, म्हणजे ट्यूनरला दुरुस्त न करता आलेले तुकडे, आणि कन्टिन्युइटी एरर, म्हणजे क्रमांक तुटलेली पाकिटं. दोन्ही सोबत वाढत असतील तर दोष ट्यूनरपर्यंत पोचण्याआधीच, म्हणजे छत्री, एलएनबी, केबल किंवा हवामानात. पहिला स्थिर आणि फक्त दुसरा वाढतोय, तर सिग्नल ठीक आहे आणि ट्यूनरपासून मशीनपर्यंतच्या यूएसबीत, वीजपुरवठ्यात किंवा मशीनच्या दमात खोट आहे. हे दोन रकाने बघायची सवय लागली की निम्मी धावपळ वाचते.

छत्रीचं आधी. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येतं तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. साताऱ्यातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३० अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. सांगलीतही जवळपास तेच आकडे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वाटतं की किल्ल्याचा डोंगर आडवा येतो. इतक्या उंच कोनावर तो येत नाही. आडवं येतं ते शेजारच्या परड्यातलं नारळाचं नाहीतर आंब्याचं झाड, आणि तेही दोन-तीन वर्षांनी, फांद्या वाढल्यावर. छत्री बसवली तेव्हा सगळं ठीक होतं आणि हळूहळू बिघडत गेलं, असं असेल तर एलएनबीला हात लावण्याआधी छत्रीमागे उभं राहून आग्नेयेला मान वर करून बघा. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट असतात, त्यामुळे त्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर बघत असतात.

पावसाचं गणित अनेकांना उलटं वाटतं. फ्री डिश ज्या लहरींवरून येतं त्या केयू बँडला त्रास होतो तो पावसाच्या जोराचा, एकूण किती पडला याचा तितका नाही. श्रावणातल्या दिवसभराच्या रिमझिमीत चित्र टिकतं आणि मे महिन्यातल्या वळवाच्या दहा मिनिटांच्या सरीत जातं. डिजिटल सिग्नलची आणखी एक खोड आहे: काठावर येईपर्यंत चित्र झकास दिसतं आणि काठ ओलांडला की एकदम कोसळतं. म्हणून कोरड्या, निरभ्र दिवशी एसएनआरचा, म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे त्याचा, आकडा किती आहे तो लिहून ठेवा. त्या दिवशीच तो जेमतेम असेल तर पावसाळ्यात रेकॉर्डिंग फुटणारच. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ६० सेंटिमीटरच्या छत्रीवर भागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ७५ सेंटिमीटरने सुमारे २ डेसिबल आणि ९० ने साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, आणि सरीच्या वेळी तेवढ्याने फरक पडतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-खटावकडे त्याच्या दशांशाच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दोघांना एकच सल्ला देऊन चालत नाही.

मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ चित्र जातं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि छत्रीत त्याचा गोंगाट शिरतो. त्यावर उपाय नाही, गरजही नाही. आठवड्याभरात आपोआप थांबतं. या दिवसांत छत्री हलवून बसू नका.

आता कनेक्टर. माझ्या पाहण्यातल्या फाइलमधल्या दोषांचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. एलएनबीवरचा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा धातूचा प्लग) फिरवून काढा आणि आत बघा. मधली तार लखलखीत तांबूस हवी. ती काळपट किंवा हिरवट झाली असेल, भोवतीचा पांढरा फोम पिवळा पडून ओलसर लागत असेल, किंवा जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला चिकटलेली दिसली, तर तुमचा चोर सापडला. स्वस्त केबलची मधली तार लोखंडी असते, वर तांब्याचा नुसता मुलामा. तो गेला की आत गंज धरतो. पाणी केबलच्या आतून पुढे सरकत जातं, म्हणून नुसता कनेक्टर न बदलता वीतभर केबल कापून टाका, आतला फोम पांढरा शुभ्र दिसेपर्यंत. मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा. वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात ती उन्हाने सुटते आणि उलट आत पाणी धरून ठेवते. त्याऐवजी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. एलएनबीपासून निघालेली केबल थोडी खाली झोल देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जातं आणि कनेक्टरकडे येत नाही. एवढं काम मेअखेर केलं तर पावसाळाभर वर चढायची वेळ सहसा येत नाही.

दररोज ठरल्या वेळी बिघडतं तेव्हा

मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या काकांकडे संध्याकाळचं रेकॉर्डिंग रोज फुटायचं, सकाळचं कधीच नाही. हवामान, छत्री, केबल सगळं तपासून झालं होतं. टीव्हीहेडएंडच्या लॉगमध्ये कन्टिन्युइटी एररच्या ओळींवरच्या वेळा एकाखाली एक लिहून काढल्या तेव्हा दिसलं की चुका वेगवेगळ्या घोळक्यांनी येतात, आणि प्रत्येक घोळका नळाला पाणी यायच्या वेळेला. खालच्या टाकीतलं पाणी वर चढवायची मोटर त्याच लाइनवर होती. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडायचं आणि ट्यूनरचा जुना बारा व्होल्टचा ॲडॅप्टर तेवढा धक्का सोसू शकत नव्हता. ट्यूनरने एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवायचे असतात, आणि ते ह्याच ॲडॅप्टरमधून येतात. नवा ॲडॅप्टर आणि मोटरपासून वेगळ्या लाइनवरचा सॉकेट, एवढ्यावर तो त्रास थांबला.

लॉगमधली वेळ हा पुरावा आहे, आणि तो बहुतेक लोक बघतच नाहीत. चूक घड्याळाच्या वेळेला बांधलेली असेल तर घरातलं किंवा शेजारचं यंत्र शोधा. पावसाला बांधलेली असेल तर छत्री. कशालाच बांधलेली नसेल, कधीही येत असेल, तर कनेक्टर किंवा यूएसबी.

रास्पबेरी पायवाल्यांनी वीजपुरवठ्याकडे आणखी बारकाईने बघावं. पाय ४ ला ५ व्होल्टचा ३ अँपिअरचा चार्जर लागतो. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावला, त्यात यूएसबीवर ट्यूनर आणि पोर्टेबल हार्ड डिस्क दोन्ही टांगली, की व्होल्टेज ४.६३ च्या खाली जातं आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं. ते दिसलं तर बाकी काही तपासू नका, आधी चार्जर बदला. चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, म्हणून डिस्क स्वतःचा ॲडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर घ्या. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर चालू व्हायला लागणाऱ्या त्या अर्ध्या क्षणात पाय रीस्टार्ट होत असेल, तर रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होतात. त्याला छोटा यूपीएस हाच इलाज.

दोष वाटेत असेल तर

इंटरनेटचा प्लॅन वाढवू नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण ह्यात लोकांचे दरमहा पैसे जातात आणि काडीचाही फरक पडत नाही. गच्चीवरच्या पायपासून हॉलमधल्या कॉम्प्युटरपर्यंतचा प्रवाह तुमच्या राउटरमधून फिरतो, घराबाहेर जातच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असलं तरी रेकॉर्डिंग दिसायला हवं. तपासायचं असेल तर बाहेरून येणारी फायबरची केबल काढून बघा.

साध्या चॅनेलला साधारण ३ ते ४ मेगाबिट प्रति सेकंद लागतात. एवढं तर कुठलंही वायफाय देतं, मग अडकतं का? कारण सरासरी वेग पुरेसा असला तरी मध्येमध्ये सेकंद-दोन सेकंद काहीच पोचत नाही. यादोगोपाळ पेठेत, व्यंकटपुऱ्यात जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंती हातभर जाड आहेत. नव्या बिल्डिंगमध्ये स्लॅबमधलं लोखंड आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न छेडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि दाट वस्तीत तेवढ्यांत सगळ्या शेजाऱ्यांचे राउटर दाटीवाटीने बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी आहे, पण भिंतीपलीकडे त्याची पोच कमी.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे: यूएसबी ३.० च्या डिस्कमधून आणि तिच्या केबलमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच गोंगाट बाहेर पडतो. पायला खेटून अशी डिस्क ठेवली आणि पाय वायफायवर असेल, तर रेकॉर्डिंग सुरू झालं की नेटवर्क रांगायला लागतं. डिस्क लांब केबलने दूर ठेवा किंवा ५ गिगाहर्ट्झवर या.

खरा उपाय मात्र लॅन केबलच. निदान पायपासून राउटरपर्यंत तरी ती टाका. जुन्या केबल टीव्हीचा पाइप गच्चीवरून खाली आलेला असतो, त्यातून ती उतरते. केबल टाकूनही अडकत असेल तर लिंकचा वेग बघा. १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. १००० ऐवजी १०० दिसत असेल तर एखादी तार निसटलेली असू शकते, पण त्याने रेकॉर्डिंगचं काही बिघडत नाही. १० दिसत असेल, किंवा आकडा सारखा बदलत असेल, तर केबलचा प्लग पुन्हा क्रिम्प करून, म्हणजे तारांवर दाबून बसवून, घ्या.

आणि तो अपवाद. सॅट-आयपी बॉक्समधून (छत्रीचा सिग्नल थेट नेटवर्कवर टाकणारा ट्यूनर) किंवा मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना, पाठवत असाल तर तो टीसीपीऐवजी यूडीपीवर जातो, हरवलेलं पुन्हा मागवलं जात नाही, आणि वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यांत कमी वेगाने प्रसारित होतं. तिथे चौकटी दिसल्या तरी दोष वाटेतच असतो. मल्टिकास्ट वायफायवर चालवूच नये. टीव्हीहेडएंड मध्ये ठेवा आणि त्याच्याकडून टीसीपीवर घ्या.

व्हीएलसीमध्ये नेटवर्क कॅशिंग, म्हणजे पुढचा किती भाग आधीच साठवायचा ते, मुळात १००० मिलिसेकंद असतं. ते ३००० केलं की किरकोळ अडखळणं झाकलं जातं. तात्पुरतं ठीक आहे, पण मूळ कारण तिथेच राहतं.

जे दोष वाटतात पण नाहीत

माणूस हलला की त्याच्या कडेला कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, ते सिग्नलचं काम नाही. साधी चॅनेलं ५७६ ओळींची आणि इंटरलेस्ड असतात, म्हणजे एकाआड एक ओळी आळीपाळीने येतात. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, संपलं.

बरोबर दोन तास बावीस-तेवीस मिनिटांनी रेकॉर्डिंग तुटत असेल तर डिस्क फॅट३२ आहे. एका फाइलला चार जीबीची मर्यादा, आणि ४ मेगाबिटच्या प्रवाहाला ती तेवढ्याच वेळात गाठली जाते. लिनक्सवर डिस्क ईएक्सटी४ करा. आधी जपायची रेकॉर्डिंगं बाजूला काढा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

दीड तासाच्या कार्यक्रमाची लांबी कधीकधी सव्वीस तासांच्या वर दिसते आणि पुढे-मागे ओढलं की प्लेअर भरकटतो. प्रवाहातलं वेळेचं घड्याळ ३३ बिटांचं असतं आणि दर सेकंदाला ९०,००० ठोके मोजतं, त्यामुळे साधारण साडेसव्वीस तासांनी ते शून्यावर येतं. तुमच्या कार्यक्रमाच्या मधेच ती वेळ आली की प्लेअरचा गोंधळ उडतो. फाइल खराब नाही. एफएफएमपेग किंवा एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने ती एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये घालून घ्या, चित्र पुन्हा एन्कोड न करता. काही मिनिटांचं काम आहे, चित्राचा दर्जा तसाच राहतो आणि ओढणंही सुरळीत होतं.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्सवरचं रेकॉर्डिंग मात्र कॉम्प्युटरवर उघडत नाही म्हणून नेटवर्क तपासत बसू नका. ते त्या बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद केलेलं असतं, आणि डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी वाचता येत नाही. ते बघायचं तर तोच बॉक्स आणि त्याला जोडलेला टीव्ही.